वाजवणाऱ्यांच्या कानांचं काय? ढोल-ताशा पथकप्रमुखांना खुले पत्र

पुण्यातले सर्व पथकप्रमुख, ताशाप्रमुख आणि गणेश मंडळांचे अध्यक्ष यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आषाढ जवळ आला की नदीपात्रात पुन्हा पत्र्याच्या शेड उभ्या राहतील, नव्या मुलांच्या नोंदण्या सुरू होतील, झब्ब्यांची मापं घेतली जातील. त्याच्या आत हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून आत्ताच लिहायला घेतलं. मी ताशा वाजवायचे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी पहिल्यांदा गळ्यात अडकवला, तो ताशा माझा मुलगा शाळेत जायला लागला तरी उतरला नव्हता. नंतर काही वर्षं नव्या मुलामुलींना हात शिकवले. घरी तबल्याचे वर्ग घेते, ते अजून चालू आहेत. माझ्या दोन्ही कानांचं वरच्या पट्टीतलं ऐकणं गेलं आहे. डाव्या कानाचं जास्त, कारण आमच्या रांगेत टोल, म्हणजे ठेका धरायला बडवतात ती धातूची थाळी, माझ्या डाव्या हाताला असायचा. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं.

हे पत्र ढोल-ताशाच्या विरोधात नाही. मिरवणूकच नको म्हणणाऱ्यांनी याचं कात्रण काढून ठेवू नये. लक्ष्मी रस्त्यावर ताशाची पहिली तर्री पडली की आजही माझ्या अंगावर काटा येतो. बोलायचं आहे ते घरातल्या घरात, आपल्याच लोकांशी.

ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात जास्तीत जास्त ३० वादक, अशी अट घातली. सप्टेंबरमध्ये, ऐन उत्सवात, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि आपण जल्लोष केला. त्या महिन्याभरात काय काय चर्चा झाली ते आठवून बघा. रहिवाशांची झोप, दवाखान्यातले रुग्ण, म्हातारी माणसं, परंपरा, तरुणांची हौस, डीजे बरा की ढोल बरा, सगळं निघालं. ज्याच्या गळ्यात ताशा असतो, ज्याच्या कमरेला ढोल असतो, त्याच्या कानाचं नाव ना लवादापुढे निघालं, ना चॅनेलवर, ना आपल्या बैठकांत. मिरवणूक बघणारा माणूस कंटाळला की गल्लीतून घरी जातो. वाजवणाऱ्याला गल्ली नसते.

३० च्या आकड्यावर आपण एवढं रान उठवलं, पण वादकाच्या दृष्टीने तो आकडा जवळजवळ बिनकामाचा होता. ६० ढोलांचे ३० केले तर आवाज निम्मा होईल असं वाटतं. तसं होत नाही. डेसिबलच्या हिशेबात वाद्यं निम्मी केली की फक्त ३ डेसिबल उतरतात. शिवाय माझा कान फोडायला रांगेच्या टोकाचा ढोल लागतच नाही. माझा स्वतःचा ताशा, शेजारणीचा ताशा आणि हातभरावरचा टोल एवढ्यावर काम भागतं. त्यामुळे पथकं लहान करा असं मी म्हणणार नाही. त्याने बाल्कनीतल्या आजोबांना थोडा फरक पडेल, रांगेतल्या मुलीला पडणार नाही.

सीओईपी या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्याच्या चौकाचौकांत यंत्रं घेऊन उभी असतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आकडे येतात. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी सरासरी शंभर डेसिबलच्या वर होती. निवासी भागासाठी कायद्यातली दिवसाची मर्यादा ५५ आहे, रात्रीची ४५. पण ती यंत्रं चौकात असतात, रांगेत नसतात. आणि मिरवणूक वर्षातून एकदा. खरा मार सरावात बसतो. रोज संध्याकाळी दोन-तीन तास, दोन महिने, वर पत्रा, तीन बाजूंना पत्रा, समोरासमोर रांगा. उघड्यावर निघून जाणारा आवाज शेडमध्ये पत्र्यावर आपटून पुन्हा आपल्यावरच येतो. पुलाखाली सराव करणाऱ्यांची तर आणखी कठीण गत. एकदा सरावात मी फोनवरचं आवाज मोजायचं ॲप चालू केलं. आकडा शंभराच्या पुढे जाऊन तिथेच नाचत बसला. फोनचा माइक एवढ्या आवाजाला खात्रीचा नसतो, म्हणून तो आकडा इथे देत नाही. पण नीट यंत्र आणून रांगेच्या मधोमध मोजण्याची कल्पना आपल्या कुठल्या बैठकीत निघाल्याचं मला आठवत नाही.

कानाला दडे बसणं आपल्याला नवं नाही. सराव संपवून अमृततुल्यावर चहाला उभं राहायचं, एकमेकांशी ओरडून बोलायचं, चहावाल्याने हसायचं. ‘दडे बसले म्हणजे आज हात लागला’ असं आम्ही अभिमानाने म्हणायचो. सकाळपर्यंत कान मोकळे व्हायचे, विषय संपायचा. तो संपत नसतो. आतल्या कानात शंखासारख्या पोकळीत केसाळ पेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. मोठ्या आवाजाने त्या थकतात, म्हणून दडे बसतात. विश्रांती मिळाली की बऱ्याचशा सावरतात. रोज थकवल्या की मरायला लागतात. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या कानात नाही. पेशी सावरल्या तरी त्यांना मेंदूशी जोडणारे मज्जातंतूंचे सांधे तुटलेले राहू शकतात, हेही आता संशोधनातून दिसलं आहे. म्हणजे तपासणीत सगळं ठीक येतं, पण चार माणसं एकदम बोलायला लागली की शब्द लागत नाहीत. आपल्या पथकांतली किती मुलं आज ‘हां? काय?’ करत असतात, जरा कान देऊन ऐका.

माझं कळलं ते तबल्यामुळे. तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा, ‘ना’ लाकडी वाटायला लागला. पुडी (वरचं चामडं) बदलली, तरी तेच. दुसरा तबला काढला, तोही तसाच. तबल्याचा मूळ स्वर मला स्वच्छ ऐकू येत होता, डग्ग्याचा घुमारा तर उत्तम. गेली होती ती ‘ना’च्या वरची लखलख, जी कानाला टोचल्याशिवाय तबला लागला असं आम्ही मानत नाही. मधल्या काळ्या शाईमुळे या वाद्याच्या वरच्या स्वरांचं मूळ स्वराशी पूर्णांकांचं नातं जुळतं, हे सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं. साधारण चामड्याला ते जमत नाही. म्हणजे आपल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून जे वर चढवलं, तेवढंच नेमकं माझ्या कानातून पुसलं गेलं.

तपासणीच्या खोलीत बसले तो दिवस नीट आठवतो. जाड दार बंद झालं आणि इतकी शांतता झाली की माझ्या कानातली शिट्टी मलाच मोठ्याने ऐकू यायला लागली. हातात बटण. बारीक आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे ऑडिओलॉजिस्ट मुलगी. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की आवाज सोडताना तिचा उजवा खांदा किंचित हलतो. मी खांदा बघून बटण दाबायला लागले. मुद्दाम नाही, तालवाल्यांची सवय, समोरच्याच्या खांद्यावरून सम ओळखायची. तिने ते ताडलं, हसली आणि मला पाठमोरं बसवलं. मग मात्र बराच वेळ काही आलंच नाही. आवाज थांबलेत की मला येत नाहीत, तेही समजेना.

कागदावर उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. खालच्या पट्टीत रेघ सरळ चालते, ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडते आणि ८००० ला थोडी वर येते. ही ४००० ची खाच गोंगाटाची खूण मानतात. डॉक्टरांनी कागद बघून एकच प्रश्न विचारला, “कुठल्या कारखान्यात काम करता?”

त्या प्रश्नाने मला पुष्कळ शिकवलं. भोसरीतल्या कारखान्यात प्रेस-मशीनवर उभ्या असणाऱ्या कामगारासाठी कारखान्यांच्या नियमांत मर्यादा आहे: ९० डेसिबलला दिवसाचे आठ तास, १०० ला दोन तास, ११० ला अर्धा तास, ११५ ला पाव तास. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस याहून कडक, ८५ ला आठ तास आणि १०० ला जेमतेम १५ मिनिटं. कारखान्यात हे नियम पाळले जातात की नाही हा वेगळा प्रश्न. पण निदान आहेत. तोच कामगार संध्याकाळी आपल्या पथकात येऊन ढोल बांधतो तेव्हा त्याला कुठलाच नियम लागू नाही, कारण तो हौशी आहे. आणि माझ्यासारखीला सरकारी कागदावरही जागा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांत ६० डेसिबलची घट झाली की श्रवणदोष धरतात. माझी घट मुख्यतः वरच्या स्वरांत आहे, त्या मोजणीत ती भरत नाही. ती फक्त संगीतात मोजली जाते.

कानात श्रवणयंत्र बसवलं त्या दिवशी घरी येऊन मोबाइलवर तानपुरा लावला. पहिले काही क्षण सुंदर, जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, सुद्धा थोडी आली, मग तानपुरा विरत विरत नाहीसा झाला. मला वाटलं फोन बंद पडला. फोन चालू होता. यंत्र माणसांचं बोलणं ऐकवण्यासाठी बनवलेलं असतं. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा रहदारी, असं समजून ते त्याला दाबतं. त्याच्या लेखी तानपुरा म्हणजे टेबलफॅन. पेटीवर एखादा सूर लांबवला की त्याला वाटायचं आपणच शिट्टी मारतोय, मग ते सूर थरथरवून टाकायचं. ऑडिओलॉजिस्टकडे पुन्हा जाऊन बसले, वर्गातला तबला आणि पेटी सोबत घेऊन. तिने संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम लावून दिला, त्यात ही दाबादाबी बंद. हे आपणहून कोणी सांगत नाही, मागावं लागतं, म्हणून इथे लिहून ठेवते. तुमच्यातही कोणाला लागेल.

आता जे आहे त्यात माझं चाललं आहे. तबला लावताना ॲपचा काटा बघते. हातोडीचा ठोका गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या काठावर) कुठे आणि केवढा द्यायचा, हे हाताला येतंच. काठाच्या एखाद्या भागात, आम्ही त्याला घर म्हणतो, सूर उतरलाय की नाही, हे समोरच्या बाजूला बोट ठेवून थोडंफार जाणवतं. पढंत, म्हणजे तोंडाने बोल म्हणून घेताना मुलांच्या ओठांकडे बघते. ‘तिरकिट’ कोण खातंय, ते ओठांवर दिसतं, कधीकधी कानापेक्षा लवकर दिसतं. एका विद्यार्थ्याच्या आईने सरळ विचारलं, “बाई, तुम्हाला ऐकू येत नाही तर शिकवता कसं?” मला राग आला नाही, प्रश्न रास्त होता. मी तिला म्हटलं, याच्या ‘ना’ची लखलख मला ऐकू येत नाही, ती तुम्ही ऐका आणि मला सांगा, बाकी बोट कुठे पडतंय, वजन कसं आहे, लय धावते की बसते, ते माझ्याकडे. ती आता वर्गात बसते. तिचा कान चांगला तयार झाला आहे.

माझ्या कानातली शिट्टी मात्र जात नाही. दिवसा तिच्याकडे दुर्लक्ष होतं, रात्री नाही. झोपताना पंखा मुद्दाम मोठा ठेवते.

स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनींचा व्हिडिओ मला हमखास पाठवला जातो. बाराव्या वर्षापर्यंत त्यांचं ऐकणं जवळजवळ गेलं, तरी त्या जगातल्या अव्वल तालवादक झाल्या. अनवाणी उभ्या राहतात, कंप अंगातून घेतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ‘त्यांना जमलं, ताई, तुम्हालाही जमेल’ असं पथकातल्या मुलांनी म्हटलं की माझं डोकं फिरतं. माझ्या जिद्दीची काळजी तुम्ही करू नका. तुमच्या रांगेत उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या ४००० हर्ट्झची करा.

तुम्ही म्हणाल, मुलं स्वखुशीने येतात, आम्ही कुणाला बांधून आणत नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसची एक केस तुम्हाला सांगते. २०१२ साली वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या एका ऑपेराच्या तालमीत ख्रिस गोल्डशायडर नावाचे व्हायोलावादक पितळी वाद्यांच्या थेट पुढे बसले होते. त्या तालमींत त्यांचे कान गेले, पुढे नोकरी सोडावी लागली. संस्थेने वादकांना कानात घालायचे प्लग दिले होते, पण घालायचे की नाही हे त्यांच्यावर सोडलं होतं. कलाच अशी आहे, आवाज होणारच, असाही बचाव झाला. २०१८ मध्ये न्यायालयाने तो मानला नाही आणि २०१९ च्या अपिलातही वादकाच्या बाजूचा निकाल टिकला. तिकडे वादक पगारी होते, आपल्याकडे हौशी आहेत. पण त्यांना उभं कुठे करायचं, किती वेळ वाजवायला लावायचं, हे ठरवणारे तुम्हीच आहात. ताशाप्रमुखाने खूण केल्याशिवाय कोणी हात थांबवत नाही. आपली शिस्तच तशी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. जिथे एवढी शिस्त चालते तिथे ‘ज्याची त्याची मर्जी’ हे उत्तर शोभत नाही.

मग करायचं काय? नोंदणी फीमध्ये झब्बा येतो, ओळखपत्र येतं, त्यात प्लगची जोडी येऊ द्या. औषधाच्या दुकानातले फोमचे नकोत. त्यांनी वरचा आवाज फार कापला जातो, ताशा गोधडीखालून वाजल्यासारखा लागतो आणि मुलं दुसऱ्या दिवशी काढून टाकतात. कापसाचे बोळे तर नावालाच. संगीतवाल्यांसाठी वेगळे प्लग मिळतात, ते सगळ्या पट्ट्या सारख्याच उतरवतात, साधारण १५ डेसिबलने. वर सांगितलेल्या अमेरिकी शिफारशीत दर ३ डेसिबल उतरले की सुरक्षित वेळ दुप्पट होते, त्या हिशेबाने बघा १५ म्हणजे किती. लय बिघडेल ही भीती मला ताशाप्रमुखांनीच घातली होती. मी शिकवायला जायचे त्या शेवटच्या वर्षांत असे प्लग घालूनच उभी राहायचे आणि रांगेतला कोण मागे पडतोय हे मला जास्त स्वच्छ कळायचं. धबडग्यात कान बधिर झाला की उलट कळत नाही. प्लग दिसतो, म्हातारपण दिसतं म्हणून मुलं लाजतात, यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: पहिल्या दिवशी तुम्ही घाला. दादांच्या कानात दिसला की आठवड्यात सगळ्यांच्या कानात असेल.

नव्या मुलांना पहिले पंधरा दिवस ढोल देऊच नका. पाटावर, फरशीवर हात बसवा, आम्ही तबल्यात मांडीवर बोल बसवतो तसे. गंमत म्हणजे त्याने हातही पक्का होतो, कारण गोंगाटात चूक लपून जाते. शेडच्या बाजूचे पत्रे काढता आले तर काढा, पावसाला वरचा पुरे. रांगा समोरासमोर न लावता एका दिशेला करा. टोलवाल्याला रांगेबाहेर, जरा लांब उभं करा आणि रोज एकाच मुलाच्या बाजूला नको. सरावाच्या मध्ये विश्रांती घेता तेव्हा शेडमध्येच हाताची खाज भागवत बसणाऱ्यांना बाहेर काढा. विश्रांती हातांना नसते, कानांना असते. लहान बाळांना खांद्यावर घेऊन शेडमध्ये येणाऱ्या आईबापांना दारातून परत पाठवा, वाईटपणा आला तरी चालेल.

आणि तपासणी. सरावाच्या आधी एक, अनंत चतुर्दशीनंतर महिन्याभराने एक. प्रत्येकाला अर्धा तास लागतो. २०२५ मध्ये शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. उत्सवासाठी निधी निघतो, स्पर्धांची बक्षिसं निघतात. तर मग वादकांच्या कानांची तपासणी का निघू नये? सगळ्या पथकांनी एकत्र मागितली तर नाही म्हणणं अवघड आहे. तुमची एकी काय करते ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत दिसलंच. मंडळाच्या अध्यक्षांनीही सुपारी ठरवताना ‘दणका बसला पाहिजे’ एवढं एकच वाक्य बोलू नये. पथक प्लग घालून येणार आहे का, असंही विचारावं.

डीजेकडे बोट दाखवू नका, एवढी एक विनंती आधीच करते. डीजे वाईटच आहे. पण त्याच्या भिंतीपुढे नाचणारा तासाभराने दमून निघून जातो, आपली मुलं दोन महिने उभी असतात.

पहिल्या सरावाच्या आधी सगळ्या पथकांची एक बैठक लावा. मी प्लगचे दोन-तीन प्रकार आणि माझा ऑडिओग्राम घेऊन येईन, मुलांना दाखवायला हरकत नाही. मला उजव्या बाजूला माणसं येतील अशा खुर्चीवर बसवा. आणि बैठकीचा निरोप फोनवर देऊ नका, व्हॉट्सॲपवर टाका. ‘स’ मला फोनवर येत नाही, त्यामुळे साताची बैठक मी आठाची समजेन.

कळावे,

आपली,
एक जुनी ताशावादक, पुणे